इम्युनोथेरपीचा निर्णय बायोप्सीच्या दिवशीच सुरू होतो

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

इम्युनोथेरपीविषयी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारांविषयी, वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून येते, पण त्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचा तिसरा टप्पा बहुधा सुटतो. या टप्प्यात गाठ छातीच्या मधल्या भागातल्या लिम्फ नोडपर्यंत पोहोचलेली असते, बाकी शरीरात पसरलेली नसते, आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेने काढण्याजोगीही नसते. अशा रुग्णाला सुमारे सहा आठवड्यांत 30 बैठकांमधून 60 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचे एकक) रेडिएशन आणि त्यासोबत प्लॅटिनमयुक्त किमो देतात. या जोडउपचाराला केमोरेडिएशन म्हणतात. आजार वाढला नसेल तर त्यानंतर वर्षभर ड्युर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देतात, दर दोन आठवड्यांनी वजनाच्या किलोमागे 10 मिलिग्रॅम किंवा दर चार आठवड्यांनी सरसकट 1500 मिलिग्रॅम. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्मॉल सेल प्रकाराचे गणित वेगळे आहे, त्याविषयी इथे लिहीत नाही.

ही पद्धत रूढ झाली ती 713 रुग्णांच्या पॅसिफिक चाचणीमुळे. पाच वर्षांनी ड्युर्व्हालुमॅब घेतलेल्यांपैकी 42.9 टक्के हयात होते, न घेतलेल्यांपैकी 33.4 टक्के. आजार न वाढता पाच वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण 33.1 आणि 19 टक्के होते. यातला दुसरा आकडा नीट पाहावा. शंभरातल्या एकोणीस जणांचा आजार इम्युनोथेरपीशिवायही पाच वर्षे आटोक्यात राहिला, आणि औषध घेऊनही सदुसष्ट जणांचा राहिला नाही. पाच वर्षांच्या टप्प्यावर औषधामुळे चित्र बदलले ते मधल्या चौदा जणांचे. मग आपला रुग्ण या तिघांपैकी कोणत्या गटातला, हे आधी ओळखता येईल का? उपचार रुग्णागणिक ठरवण्याची सगळी धडपड याच प्रश्नासाठी आहे. त्याचे पूर्ण उत्तर आज नाही, पण जेवढे आहे तेवढेही पुष्कळदा वापरले जात नाही. त्याचे कारण साधे असते: तपासायला बायोप्सीचा तुकडाच उरलेला नसतो.

म्हणून सुरुवात तुकड्यापासून करावी. ब्रॉन्कोस्कोपीतून (श्वासनळीत दुर्बीण घालून) किंवा सुईने मिळालेला नमुना इवलासा असतो. कर्करोगाचा प्रकार ठरवण्यासाठी पॅथॉलॉजिस्ट एकामागून एक रंगचाचण्या करत गेले तर मेणाचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला नमुना, तिथेच संपतो. पीडी-एल1 (कर्कपेशींवरचे, प्रतिकारशक्तीला रोखणारे प्रथिन; ते किती टक्के पेशींवर आहे हे मोजतात) तपासायला निदान शंभर जिवंत कर्कपेशी दिसाव्या लागतात, आणि जनुक तपासणीला त्याहून जास्त ऊती लागते. नमुना फॉर्मॅलिनमध्ये सहा तासांहून कमी किंवा 72 तासांहून जास्त राहिला तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही. हाडातला नमुना तीव्र आम्लात मऊ केला तर त्यातला डीएनए तुटतो. एन्डोब्रॉन्कियल अल्ट्रासाऊंडच्या (श्वासनळीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीच्या) सुईने काढलेला ऐवज नुसता काचेवर पसरून न टाकता त्याचा सेल ब्लॉक करावा, म्हणजे पेशी एकत्र करून मेणात बसवाव्यात. आणि मागणीपत्रावर ‘तिसरा टप्पा, जनुक तपासणीसाठी ऊती राखून ठेवावी’ एवढी एक ओळ लिहिली तरी पुष्कळ वाचते. रेडिएशन झाल्यावर पुन्हा बायोप्सी करणे अवघड असते. गाठ आक्रसलेली असते, आणि जे हाती लागते त्यात मेलेल्या पेशीच अधिक असतात.

जनुकाचा रिपोर्ट ड्युर्व्हालुमॅबच्या पहिल्या डोसाआधीच हातात हवा, याविषयी आम्ही आग्रही आहोत. पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर जनुकात एक्झॉन 19 या भागातला लोप किंवा एल858आर हा बदल असेल तर अशा गाठींना इम्युनोथेरपीचा फायदा फारसा होत नाही. उलट त्यांच्यासाठी रोज 80 मिलिग्रॅम ऑसिमर्टिनिबची गोळी आहे. 2024 मध्ये जाहीर झालेल्या लॉरा चाचणीत केमोरेडिएशननंतर ही गोळी घेणाऱ्यांचा आजार न वाढण्याचा मध्यम काळ 39.1 महिने आला, न घेणाऱ्यांचा 5.6 महिने. ही गोळी वर्षभराने थांबवायची नसते. आजार वाढेपर्यंत किंवा ती सोसेनाशी होईपर्यंत चालू ठेवायची असते.

रिपोर्ट यायचा आहे, तोवर इम्युनोथेरपी सुरू करून टाकू, असा विचार घाईत होतो. तो धोक्याचा आहे. ड्युर्व्हालुमॅब थांबवले तरी त्याचा परिणाम शरीरात काही महिने रेंगाळतो. त्यावर ऑसिमर्टिनिब चढवले की फुप्फुसाला तीव्र सूज येऊ शकते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, याच वर्गातल्या औषधांनंतर ऑसिमर्टिनिब घेतलेल्या 41 जणांपैकी सहा जणांना गंभीर प्रतिकारजन्य त्रास झाला. तीन महिन्यांच्या आत घेतलेल्या 21 जणांत ते पाच होते. उलट क्रमाने, म्हणजे आधी ऑसिमर्टिनिब घेतलेल्या 29 जणांत एकालाही झाला नाही. संख्या लहान आहे, पण इशारा स्पष्ट आहे. दोन आठवडे थांबून रिपोर्ट पाहणे यापेक्षा कितीतरी सुरक्षित. ‘रुग्ण धूम्रपान करतो, मग ईजीएफआर कशाला तपासायचे’ हा युक्तिवादही सोडून द्यावा. एएलके आणि आरईटी या जनुकांतले बदलही याच तपासणीत पाहून घ्यावेत.

पीडी-एल1 चे तसे नाही, त्याचा निकाल एवढा निर्णायक नसतो. पॅसिफिकमध्ये 713 पैकी 451 जणांचाच पीडी-एल1 माहीत होता. एक टक्क्याहून कमी असलेले 148 निघाले, आणि त्यांच्यात आयुर्मानाचा फायदा दिसला नाही. ही विभागणी मात्र चाचणी आखून झाल्यावर केलेली होती. तरी युरोपच्या औषध नियामकाने 2018 मध्ये एक टक्का किंवा अधिक पीडी-एल1 असलेल्यांपुरतीच मान्यता दिली, अमेरिकेने ती अट घातली नाही. आमचे मत असे की शून्य पीडी-एल1 एवढ्या एकाच कारणावरून औषध नाकारू नये. पण अशा रुग्णाला आधीच फुप्फुसाचा तंतुमय आजार किंवा चिघळलेला स्वप्रतिकारजन्य आजार असेल तर तराजू ‘नको’कडे झुकतो, आणि हे त्याला समजावून सांगावे.

आता फुप्फुसाकडे येऊ. पॅसिफिकमध्ये औषध रेडिएशन संपल्यापासून 1 ते 42 दिवसांच्या आत सुरू केले होते. 14 दिवसांच्या आत सुरू झालेल्यांत फायदा जास्त दिसला, म्हणून लोक घाई करतात. पण दोन आठवड्यांत सावरणारा रुग्ण मुळातच धडधाकट असतो, हे त्या आकड्यात मिसळलेले आहे. पहिल्या डोसाआधी नवा सीटी स्कॅन, बसल्याजागी आणि चालल्यावरचा ऑक्सिजन, शक्य असल्यास डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती जातो याची तपासणी), तसेच टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या कराव्यात. गिळताना होणारी अन्ननलिकेची जळजळ ओसरलेली असावी. रोजचे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड 10 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. 20 ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळालेला फुप्फुसाचा भाग 35 टक्क्यांच्या आसपास पोहोचला असेल तर त्या रुग्णावर अधिक बारीक लक्ष ठेवावे. हा आकडा रेडिएशनच्या आराखड्यात असतो. तो इम्युनोथेरपी देणाऱ्या डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचत नाही, ही नेहमीची त्रुटी.

कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी नवी धाप किंवा बारीक ताप आला तर पुढचा डोस रोखावा आणि सीटी करावा. रेडिएशनची सूज बहुधा सेक (रेडिएशन) दिलेल्या भागापुरती असते, तिच्या कडा सरळ रेषेत कापल्यासारख्या दिसतात. औषधाची सूज दोन्ही फुप्फुसांत, सेकाच्या बाहेरही पसरते. दोन्ही एकत्र असू शकतात. स्टिरॉइड देण्याआधी क्षयासह संसर्ग नाही ना, हे पाहावे. लक्षणे असतील तर वजनाच्या किलोमागे 1 ते 2 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन द्यावे, आणि मात्रा निदान चार ते सहा आठवड्यांत हळूहळू उतरवावी. बरे वाटले म्हणून दहाव्या दिवशी गोळ्या बंद केल्या की सूज उसळून परत येते. तिसऱ्या श्रेणीची सूज असेल, म्हणजे ऑक्सिजन लावावा लागला असेल, तर इम्युनोथेरपी कायमची बंद.

शेवटी, रक्तातला गाठीचा डीएनए, ज्याची सध्या सर्वांत जास्त चर्चा आहे. केमोरेडिएशननंतर तो सापडला नाही तर आजार परतण्याची शक्यता कमी, आणि इम्युनोथेरपी चालू असताना वाढत गेला तर औषध काम करत नसल्याचा अंदाज. 2020 च्या 65 रुग्णांच्या एका अभ्यासात असेच दिसले. वर म्हटलेल्या तीन गटांत रुग्णांची विभागणी करू शकेल अशी ही पहिलीच तपासणी, म्हणून आम्हालाही तिच्याविषयी आशा आहे. पण तिच्या अडचणी माहीत असायला हव्यात. रक्त गोठू न देणाऱ्या साध्या ईडीटीए नळीतले रक्त काही तासांत वेगळे केले नाही तर पांढऱ्या पेशी फुटतात, आणि त्यांच्या डीएनएत गाठीचा अंश बुडून जातो. लांब पाठवायचे असेल तर पेशी टिकवणारी खास नळी हवी. वयानुसार रक्तपेशींत होणारे बदल गाठीचे समजले जाऊ शकतात, म्हणून त्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशीही तपासाव्या लागतात. मेंदूतला आजार रक्तात बहुधा दिसतच नाही. आणि सगळ्यात नेमकी चाचणी मूळ गाठीतले बदल आधी वाचून मग रक्तात तेच शोधते. म्हणजे पुन्हा तुकडा हवाच.

त्यामुळे ‘डीएनए सापडला नाही, औषध नको’ असा निर्णय आज कोणी घेऊ नये. ‘सापडला, तर औषधे वाढवू’ हेही चाचणीच्या चौकटीबाहेर करू नये. लवकर आणि जास्त म्हणजे चांगले, असे इथे ठरलेले नाही. रेडिएशनसोबतच ड्युर्व्हालुमॅब सुरू करणारी पॅसिफिक-2 चाचणी अयशस्वी ठरली.

रक्ततपासणीवरून इम्युनोथेरपी ठरवता येते, अशी बातमी आपण छापाल तेव्हा तिच्यात तीन गोष्टी जरूर द्याव्यात ही विनंती: तपासणी कोणत्या टप्प्याच्या आणि किती रुग्णांत झाली, रक्त उपचारांच्या कोणत्या दिवशी घेतले, आणि निकालावरून औषध देण्या-न देण्याची तुलना खरोखर केली होती का.

आपले,
फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार करणारे काही डॉक्टर