रातकिडे

साखळी, गोवा,
रविवार

चि. सर्वेश यास अनेक आशीर्वाद.

बुधवारी फोनवर तू घाईत होतास आणि मी नेहमीसारखा 'बरं, बरं' करत राहिलो, म्हणून आज लिहायला बसलो. घरी आपली कोंकणी, पण कागद पुढ्यात आला की माझा हात मराठीकडेच वळतो. शाळा मराठी, भजनं मराठी, आता या वयात काय बदलणार? पत्र लांबलं तर कंटाळू नकोस. तुझे तीन-तीन तासांचे अल्बम मी ऐकतो, माझी चार पानं तू वाच.

आधी तुझी यादी. तुमच्या रविवारच्या बैठकीची पद्धत मला फार आवडली. प्रत्येकाने एकच नवा अल्बम आणायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा, मध्ये कुणी फोनला हात लावायचा नाही. आमच्या काळी ऐकणं असंच होतं, फक्त त्याला नियम करावा लागत नव्हता. असो.

'द क्युअर' बँडचा २०२४चा अल्बम लावला तेव्हा वाटलं, तू चुकून नुसत्या वाद्यांचाच पाठवलास. तीन मिनिटं उलटली तरी गाणारा येईना. आई म्हणाली, जेवायला गेला असेल. सोळा वर्षांनी नवा अल्बम घेऊन येणाऱ्याला तीन मिनिटांची काय घाई! रॉक म्हणजे आदळआपट ही माझी समजूत होती, ती तू मोडलीस. गाणाऱ्यांत मायकल किवानुका मला सगळ्यांत जवळचा वाटला. त्याच्या सोल संगीताचं मूळ चर्चच्या गाण्यात आहे हे तू सांगितलं होतंस, पण ते मला न सांगताही कळलं असतं. एकाने ओळ टाकायची आणि मागच्यांनी झेलायची, हे तर आपल्या विठ्ठलापूरच्या देवळात मी जन्मभर केलं. जाझवाल्या कामासी वॉशिंग्टनचा 'द एपिक' तीन दिवस पुरवून ऐकला, नाटकाच्या अंकांसारखा. एका वेळी दोन ड्रमवाले! तू लिहिलं होतंस, "बाबा, त्यांच्या सिंबल एकमेकींना कशा उत्तर देतात ते ऐका." मी 'फारच छान' असं कळवलं. त्या सिंबलवर, म्हणजे ड्रमच्या झांजांवर, मागाहून येतो.

आणि ते 'प्रॉमिसेस'. फॅरो सँडर्स, तो फ्लोटिंग पॉइंट्स नावाचा मुलगा आणि लंडनचा अख्खा ऑर्केस्ट्रा. सेहेचाळीस मिनिटं, आणि तळाशी एकच छोटी सुरावट, परत परत. तुझ्या मित्रांपैकी एकाला म्हणे ते कंटाळवाणं वाटलं. त्याला सांग, माझे बाबा तीस वर्षं हेच करत आले. तबल्याच्या एकलवादनाला मी लेहरा धरायचो तेव्हा दुसरं काय होतं? सोळा मात्रांची एक ओळ, तीच, तासभर. लोक ऐकतात तबला. पण लेहरा जरासा डळमळला की तबलजीच्या पायाखालची जमीन जाते. त्या सुरावटीवर ऐंशीला टेकलेला म्हातारा सँडर्स निश्चिंत मनाने सॅक्सोफोन फुंकत राहतो, आणि मध्येच वाद्य बाजूला ठेवून तोंडानेच काहीतरी पुटपुटायला लागतो, आपल्याकडे बोल पढतात तसा. तिथे मी तो तुकडा पुन्हा मागे घेऊन ऐकला. पुढच्याच वर्षी तो गेला हे तू सांगितलंस, मग तिसऱ्यांदा ऐकवेना.

तू लिहिलं होतंस, सूर लागण्याआधी त्याचा श्वास ऐका.

सर्वेश, मला तो श्वास ऐकू आला नाही. हेडफोन लावून, दार लावून, पंखा बंद करूनही नाही. सिंबलही नाहीत. मला ऐकू येतो तो ढोल आणि बास, वरचं सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं. मी तुला 'छान' लिहीत गेलो कारण तू इतक्या हौसेने पाठवतोस.

आता मुद्द्यावर येतो. खरं तर ठरवलं होतं की हा विषय काढायचाच नाही. बुधवारी तू जाता जाता म्हणालास, शनिवारच्या कार्यक्रमानंतर दोन दिवस कानात शीळ वाजत होती, आता थांबली. आणि लगेच तिकिटाचं बोलायला लागलास. तू सर्दी झाल्यासारखं सांगितलंस. मी त्या रात्री झोपलो नाही.

ती शीळ मला ओळखीची आहे. खाणीवर क्रशरच्या शेजारी मी एकवीस वर्षं काढली. पहिली काही वर्षं पाळी संपवून घरी आलो की जेवताना शीळ वाजायची आणि सकाळी थांबलेली असायची. थांबते म्हणजे बरं आहे, असंच आम्ही सगळे समजत होतो. कानावर लावायचे मफ केबिनमध्ये खिळ्याला टांगलेले असत. लावले तर मागे येणाऱ्या टिपरचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून कुणी लावत नसे, आणि कुणी लावा असं म्हणतही नसे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, क्रशर गप्प झाला. त्यानंतर माझी शीळ थांबली नाही. आता हे लिहितानाही वाजते आहे.

गेल्या महिन्यात कान तपासून घेतले. तुला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी आलेख दाखवला. रेघ चांगली सरळ जाते, आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली. म्हणाले, आवाजाने गेलेला कान असाच दिसतो. आतल्या शंखात केसांसारख्या पेशी असतात, सुमारे १५ हजार. एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. हिशेबही सांगितला: ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ला चार तास, ९१ला दोन, आणि शंभरला पाव तास. तू शनिवारी किती वेळ उभा होतास? स्पीकरपासून किती लांब? एसी-डीसी बँडच्या ब्रायन जॉन्सनला २०१६मध्ये कानांपायी दौरा अर्धवट सोडावा लागला हे तुझ्या मित्रांना ठाऊक असेलच. त्याने तरी तोवर नाव कमावलं होतं. तुझं अजून सगळं व्हायचंय. आणि रात्री झोपताना ते हेडफोन लावतोस ते वेगळंच. मोठा आवाज तर नकोच, पण मुळात…

हे बघ, लागलो उपदेश करायला. माफ कर. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना ताईच्या सासरच्यांसमोर मी तुझ्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढले, ते चुकलंच माझं. तू काही बोलला नाहीस. फक्त रात्री आरतीनंतर शांतपणे विचारलंस, "बाबा, बंद खोलीत सहा घुमटं बडवायची आणि तीन जोड कासाळं आपटायची, हे किती डेसिबल?" मला उत्तर आलं नाही. तुझं बरोबर होतं. पण सर्वेश, ते दिवस वर्षाला पाच. तुझं रोजचं आहे. आणि दुसऱ्याचं चुकतं म्हणून आपलं बरोबर ठरतं का? पुन्हा तेच. सोडतो.

तुझा कान कसा होता ते तुला आठवणार नाही. सहा वर्षांचा होतास. मी पेटी उघडून सूर घासत बसलो होतो आणि तू जिन्यावर पेरू खात होतास. मी भाता हलवून एक पट्टी दाबली, तर तिथूनच म्हणालास, "बाबा, तो धैवत रडतो." मी म्हटलं काहीतरी बडबडतोय. कानाजवळ नेऊन ऐकलं, तर खरंच केसभर उतरला होता. दोनदा टोकाशी घासला तेव्हा बरा झाला. ही गोष्ट मी प्लांटवर महिनाभर सगळ्यांना सांगत होतो. वास्कोच्या सप्ताहाला तुला घेऊन गेलो तेव्हाही पहाटेपर्यंत तू माझ्या मांडीवर, कान पेटीच्या लाकडाला टेकवून झोपला होतास. चोवीस तास भजन चालू, आणि तू मेल्यासारखा झोपलेला. पेटी थांबली की उठायचास.

केसरबाईंचं सांगितलेलं आठवतं? १९७७ साली अमेरिकेने दोन यानं आकाशात सोडली, त्यांत सोन्याची तबकडी, पृथ्वीवरच्या संगीताचे सत्तावीस तुकडे. एकाच तबकडीवर चक बेरी, लुई आर्मस्ट्राँग आणि आपल्या फोंड्याकडच्या केरी गावच्या केसरबाई केरकर, भैरवी. दुसरं यान सुटल्यावर पंधरवड्याच्या आत बाई गेल्या. तुमच्या रविवारच्या यादीची मोठी बहीणच म्हणायची, कुणाला आवडेल हे ठाऊक नसताना पाठवलेली. मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं आणि तू विचारलंस, "पण तिकडच्यांना कान नसले तर?" तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

जाझबद्दल एक सांगायचं होतं. एझ्रा कलेक्टिव्हने २०२३मध्ये ब्रिटनचं मर्क्युरी पारितोषिक घेतलं, जाझवाल्यांना ते पहिल्यांदाच मिळालं, हे तू इतक्या आनंदात सांगितलंस की तूच मंचावर होतास. चांगलं आहे. पण हळदोण्याचा चिक चॉकलेट मुंबईत ट्रंपेट वाजवायचा, त्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. मडगावचा बँडवाला क्रिस पेरी होता, त्याची गाणी गाणाऱ्या लोर्नाचा आवाज होता. गावोगावच्या चर्चमध्ये पोरांना सुरांची लिपी शिकवत, तीच पोरं पुढे मुंबईच्या हॉटेलांत जाझ आणि स्टुडिओत हिंदी सिनेमाचं संगीत वाजवत. हे तुमच्या बैठकीत कुणी कधी लावतं का? लावा एकदा. आमच्या लहानपणी नदीपलीकडच्या चर्चच्या फेस्ताचा बँड वाऱ्यावर येई, तो ट्रंपेट मला अजून… तेव्हा मला सगळं ऐकू यायचं.

आता खरी गोष्ट, जी मी आईलाही पुरती सांगितलेली नाही. जूनमध्ये एका भजनी मंडळाची पेटी मी लावून दिली. वरच्या सप्तकातले चार सूर घासले, मन लावून. बुवांनी वाजवून पाहिली, काही बोलले नाहीत, पैसे दिले, चहा घेतला. आठवड्याने कळलं की ती पेटी त्यांनी फोंड्याला नेऊन परत लावून घेतली. रागावलेही नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं होतं. तेव्हापासून मी पेट्या घेत नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगतो.

आणि परवाचं ऐक. रात्री पाऊस थांबला होता, मी घरापुढच्या बाल्कावावर बसलो होतो. आईला म्हटलं, यंदा रातकिडे फार कमी झालेत, या डोंगर कापणाऱ्यांनी काही ठेवलं नाही. ती भांडी ठेवून बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उणे खंय? म्हजे कान फुटले!" मी उठून कुंपणापाशी गेलो, माडाच्या बुंध्याशी उभा राहिलो. ती म्हणाली, तिथेच आहेत, तुझ्या पायाशी. मला पागोळ्यांचे थेंब ऐकू येत होते, नदी ऐकू येत होती, लांबून बस गेलेली ऐकू आली. तेवढंच.

म्हणून म्हणतो, शीळ थांबली म्हणून विसरू नकोस. पुण्यात कान तपासून घे, एकदाच, आणि कागदाचा फोटो मला पाठव. कार्यक्रमाला जाऊ नको असं मी म्हणत नाही. जा. मागे उभा राहा. तो चांगला वाजवणारा असेल तर मागेही पोहोचेल.

पुढच्या रविवारी काय ठरतं ते कळव. ज्यात बास भरपूर असेल तो माझ्यासाठी आधी पाठव. आणि वरचं काही असलं, श्वास, सिंबल, जे काही, ते कुठे येतं आणि कसं वाटतं ते दोन ओळींत लिहीत जा. 'ऐका' असं नको लिहूस. तू काय ऐकलंस ते लिही.

तुझा,
बाबा

ता. क. आईने सोलां, नाचण्याचं पीठ आणि खाजें पाठवलं आहे. सोलांच्या पिशवीत एक छोटी डबी आहे, त्यात कानात घालायचे प्लग. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी करतात ते आहेत, सगळे सूर सारखेच हळू होतात, कापसासारखे घुसमटत नाहीत. आमसुलाचा वास लागला तर धुवून घे. दोन जोड आहेत. एक हरवशील म्हणून.