आपली मुलं पन्नाशीला आली, आता हात आखडता घेऊ नका!

सप्रेम नमस्कार.

नाशिकच्या पंचवटीतली आपली बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची कार्यशाळा कुणाला नवी नाही. पत्र्याची पहिली शेड रविवार कारंजावरच्या भांडीवाल्या काकांनी उभी करून दिली आणि पाटीवर नाव लावू दिलं नाही. सातपूरच्या कामगार बंधूंनी एका दिवसाचा पगार काढून पाण्याची टाकी बसवली. गंगापूर रोडच्या भिशीतल्या भगिनी तर दर दिवाळीला पणत्यांचा सगळा माल उचलतात, म्हणून मुलांच्या हातात स्वकमाईचे पैसे पडतात. हे ऋण फिटणारं नाही.

तीच मुलं आता थकली आहेत. डाउन सिंड्रोम या जन्मजात अवस्थेत 21व्या गुणसूत्राची एक प्रत जादा असते आणि अल्झायमर या विस्मरणाच्या आजाराशी निगडित प्रथिनाचं जनुक नेमकं त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे चाळिशी-पन्नाशीतच विस्मरण सुरू होऊ शकतं. मोतीबिंदू, बहिरेपण, थायरॉईडही लवकर गाठतात. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की हाडं ठिसूळ होण्याचा धोका वेगळाच. पणत्या रंगवण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, तो आमचा मुलगा हल्ली न्हाणीघराच्या दाराशी अडतो. फरशीचा रंग बदलतो तिथे त्याला खड्डा दिसतो. पाय उचलतो, परत मागे घेतो. एका दवाखान्याने तर न तपासताच ‘ही मुलं अशीच हट्टी असतात’ म्हणून परत पाठवलं. दुखणं सांगता येत नाही त्याला हट्टी म्हणायचं?

आईवडील सत्तरी-ऐंशीचे, काहींचे राहिलेही नाहीत. अपंगांसाठीच्या ‘निरामय’ या सरकारी आरोग्य विम्याचं 1 लाखापर्यंतचं संरक्षण आहे, पण त्यातून सेविकेचा पगार निघत नाही. वाढदिवसाला केक घेऊन पुष्कळ मंडळी येतात, त्यांचं स्वागतच आहे. मात्र मागच्या आवाहनात डायपर आणि रात्रपाळीची सेविका मागितली, तेव्हा बहुतेकांनी साधं उत्तरही दिलं नाही. मनाला लागलं.

तातडीची गरज: रात्रीची सेविका (दरमहा 15,000 रु.), न्हाणीघरात आधाराच्या दांड्या व एकरंगी, न घसरणारी फरशी (पावसाळ्याआधी), 4 कमोड खुर्च्या, मोठ्यांचे डायपर, वार्षिक थायरॉईड-डोळे-कान-हाडं तपासणी. धनादेश संस्थेच्या नावे. रोख कार्यालयात 11 ते 5, सोमवार बंद. प्राप्तिकर सवलतीसाठी 80जी पावती मिळेल. खाते क्रमांक जुन्या पावतीच्या मागे. डॉक्टरांनी महिन्याकाठी एक सकाळ दिली तरी मोठी मदत होईल.

आपली नम्र,
सचिव