दुधाच्या हिशोबातल्या फुल्या

पंचवटी, नाशिक

ती. बाबा व ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

दादाकडे पुण्यात करमतंय ना? इकडे परवा धरणातून पाणी सोडलं, गोदावरीतला दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडाला. बाकी घर ठीक.

फोनवर बोलवणार नाही म्हणून लिहितेय. सार्वजनिक वाचनालयातून एक सायकॉलॉजिकल थ्रिलर आणली होती, दोन रात्रींत संपवली. नवऱ्याच्या तावडीतून निसटणाऱ्या बायकांची गोष्ट. त्यातला नवरा हात क्वचितच उगारतो. किल्ल्या लपवतो आणि म्हणतो, "तूच विसरलीस." होता होता तिचा स्वतःवरच भरवसा उरत नाही. शेवट अगदीच फिल्मी आहे, सुरा काय, विजा काय! पण तोवर मला वरच्या काकू दिसायला लागल्या होत्या.

आठवतं ना आई, 2004 साल, मी नववीत. "माझंच डोकं चालत नाही गं, रात्री गॅस चालू राहिला म्हणतात हे," असं काकू सांगायच्या. तू काही न बोलता कालनिर्णय उलटं करून त्यांच्यापुढे धरलंस. दुधाच्या हिशोबात, लिटर-अर्ध्या लिटरच्या शेजारी, बारीक फुल्या. वरून आदळआपट ऐकू आली की तू फुली मारायचीस. मला वाटायचं, त्या दिवशी दूध आलं नाही. काकू त्या फुल्यांवरून बोट फिरवत किती वेळ बसल्या होत्या!

मग त्यांची एकेक मार्कशीट आपल्या तांदळाच्या डब्यात येऊ लागली. एकदम पिशवी भरली असती तर त्यांच्या नवऱ्याला कळलं असतं, आणि बाई निघतेय हे कळतं तेव्हाच धोका सगळ्यात जास्त. कादंबरीतलीही असंच करते. तिला शंभर पानं लागतात, तुम्ही दोघींनी उन्हाळा काढलात.

तेव्हा पळण्यावाचून सोपा मार्गही नव्हता म्हणा. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. आता 181 या महिला हेल्पलाइनला फोन करता येतो, संरक्षण अधिकारी असतात, आणि कोर्ट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतं. काकू दोन वर्षं आधी निघाल्या.

आता बाबा, तुम्हाला विचारायचंय. "दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसू नका," असं तुम्ही आईला रोज बजावायचात. काकू गेल्या त्या पहाटे माझी झोप मोडली ती तुमच्या स्कूटरच्या आवाजाने. तासाभराने तुम्ही परत आलात, हातात दुधाच्या दोन पिशव्या. थोड्या वेळाने तो खाली येऊन तुम्हाला विचारू लागला, तर तुम्ही पिशव्या दाखवून म्हणालात, "मी तर दूध आणायला गेलो होतो."

आपल्याकडे तर रतीब होता ना, बाबा? द्वारका चौकात धुळ्याची पहिली बस किती वाजता थांबायची तेव्हा?

तुमची,
ताई