लॅपटॉप येतोय, वंशावळ काढून ठेवा

हेलसिंकी

ती. आप्पाकाका व ती. सौ. काकू यांस,
शि. सा. न. वि. वि.

दादा गणपतीला गुहागरला येतोय, त्याच्याबरोबर एक हलका लॅपटॉप पाठवतेय. जुना आहे, रॅम ४ जीबीच, पण त्यावर लुबुंटू ही लिनक्सची हलकी ऑपरेटिंग सिस्टिम घातलीय म्हणून छान चालतो. (लिनक्स याच गावच्या विद्यापीठात शिकताना लिनस टोर्वाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलं.) आत ग्रँप्स हा वंशावळीचा मोफत प्रोग्रॅम आहे. माहिती लॅपटॉपमध्येच राहते, तेव्हा पावसात रेंज गेली तरी काम अडणार नाही. मेनू इंग्रजीत आहेत, नावं मात्र देवनागरीत लिहा.

माळ्यावरच्या ट्रंकेतली वंशावळ तेवढी खाली काढा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे त्यात विष्णू रामचंद्र आणि रामचंद्र विष्णू आळीपाळीने येतात नि कोण कोणाचा हेच कळत नाही. ग्रँप्स प्रत्येकाला वेगळा क्रमांक देतो. दत्तक गेलेला मुलगा जन्माच्या आणि दत्तक घराच्या, दोन्हीकडे दाखवता येतो.

पण काका, त्या कागदावर एकही बाई नाही. पणजीचं माहेर हेदवीचं की वेळणेश्वरचं, तिचं लग्नाआधीचं नाव काय, हे आता फक्त आत्याला ठाऊक. ग्रँप्समध्ये एका व्यक्तीची दोन नावं राहतात, माहेरचं आणि सासरचं. म्हणून आधी आत्याकडे बसा, कागद नंतर भरला तरी चालेल. ती सांगेल त्या प्रत्येक गोष्टीला स्रोत म्हणून तिचंच नाव लावा. साल नक्की नसेल तर अंदाजे किंवा अमक्याच्या आधी असंही नोंदवता येतं.

ग्रँप्सला हिजरी कालगणना येते, आपला शक येत नाही. पत्रिकेतल्या शकात ७८ मिळवा. जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या जन्माला ७९. मूळ तिथी टिपणात राहू दे.

रोज काम संपवून उठताना फोटोंसकट बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो दादाबरोबर परत पाठवा. इथे मी बाकीच्या शाखा जोडीन.

आत्याला माझा नमस्कार सांगा. तिला दुपारी बरं वाटतं, तेव्हाच जा.

तुमची पुतणी