सौर पॅनेल बसले, पुढची देखभाल कोणाची?

महोदय,

सामुदायिक सौरऊर्जेच्या चर्चेत सारा भर पॅनेल बसवण्यावर असतो. त्यानंतरच्या सेवेबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पॅनेल साधारण 25 वर्षे टिकते, पण पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर बहुधा 10 ते 15 वर्षांतच बदलावा लागतो, आणि तो खर्च कोणी उचलायचा हे आधी ठरलेले नसेल, तर चांगला चाललेला प्रकल्पही धूळ खात पडतो. शिवाय, सल्ला देणाऱ्या संस्थांनी गच्ची मोजण्याआधी वर्षभराची वीजबिले मागावीत आणि सावली कुठवर येते ते पाहावे. कारण एकसरीत जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर जरी पाण्याच्या टाकीची सावली पडली, तरी साऱ्या माळेची वीजनिर्मिती घसरू शकते. (विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ही टाकी कधी दिसत नाही!) विजेचा अपव्यय आधी रोखला, तर मुळात लहान प्रकल्पावरही भागते. सल्लागाराचे मानधन प्रकल्पाच्या आकारावर ठरत असेल, तर तो हे सांगेलच असे नाही. तेव्हा सल्ला आणि विक्री वेगळ्या हातांत असावी, आणि देखभालीचा निधी पहिल्या महिन्यापासून स्वतंत्र खात्यात जमा व्हावा.

— एक वाचक