टंगस्टनची उभी भेग आणि आडवी भेग

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पंधरा कोटी अंशांची आग कोणत्या भांड्यात ठेवणार, असं तुम्ही फोनवर विचारलंत. ते तोंडी नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

ती आग म्हणजे प्लाझ्मा, फ्यूजनसाठी, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जुळवून ऊर्जा काढण्यासाठी, तापवलेला वायू. ती भांड्याला टेकूच द्यायची नसते. चुंबकीय क्षेत्र तिला अधांतरी धरतं, आणि ती हवेपेक्षा कितीतरी विरळ असते. खरा मार बसतो तो तळाच्या डायव्हर्टरला, म्हणजे उष्णता झेलणाऱ्या भागाला. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या फ्यूजन यंत्रात तिथे दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता येणार, मधूनच २०. आपल्या देवगडच्या सड्यावर भर दुपारी चौरस मीटरवर साधारण १ किलोवॅट ऊन पडतं. म्हणजे त्याच्या दहा हजार पट.

तिथे टंगस्टन बसवतात. तो ३४२२ अंशांना वितळतो, पण नुसत्या वितळण्याची भीती कमी. थंड असताना तो ठिसूळ असतो, काही शे अंशांवर गेल्यावरच थोडा वाकतो. १३०० अंशांच्या आसपास बराच वेळ राहिला की त्याचे कण (धातूचे बारीक स्फटिक) मोठे होतात आणि ताकद जाते. आई, तापलेल्या बिडाच्या तव्यावर तू गार पाणी पडू देत नाहीस, ती ह्याच जातीची काळजी.

त्याहून नाजूक जागा म्हणजे सांधा. टंगस्टनच्या ठोकळ्यातून तांब्याच्या मिश्रधातूची नळी जाते, तिच्यातून दाबाखाली पाणी. तांबं टंगस्टनच्या जवळजवळ चौपट प्रसरण पावतं, म्हणून मधे सुमारे १ मिलिमीटर मऊ शुद्ध तांबं ठेवतात. ते ताण गिळतं.

अशा तुकड्याची चाचणी गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत २०० किलोवॅटच्या इलेक्ट्रॉन गनने करतात. आधी अल्ट्रासाउंडने सांधा तपासायचा, हेलियमने गळती बघायची, मग निर्वात पेटीत बसवायचा. हवेत तापवला तर टंगस्टन ऑक्सिडाइज होतो. नंतर १० सेकंद झोत, १० सेकंद विश्रांती. ईटरसाठीची कसोटी म्हणजे १० मेगावॅटला ५००० फेऱ्या आणि २० मेगावॅटला ३००.

गनवर लिहिलेली शक्ती खरी धरायची नाही, कारण बरेच इलेक्ट्रॉन टंगस्टनवरून उलटे फिरतात. हिशेब पाण्यावरून करायचा. सेकंदाला १ किलो पाणी २० अंशांनी तापलं तर सुमारे ८४ किलोवॅट आत गेले. झोत ८४ चौरस सेंटिमीटरवर पडत असेल तर दर चौरस मीटरला बरोबर १० मेगावॅट. इन्फ्रारेड कॅमेऱ्यावर एकट्यावर विसंबू नये. पृष्ठभाग खडबडीत झाला की तेवढ्याच तापमानाला जास्त उजळ दिसतो.

भेग दिसली म्हणजे तुकडा वाया गेला असं नाही. २० मेगावॅटला ठोकळ्याच्या मधोमध वरून नळीकडे उभी भेग पडते. उष्णताही वरून खालीच जाते, त्यामुळे वाट अडत नाही. सांध्यालगत आडवी भेग पडली तर मात्र वाट बंद. वरचा भाग दर फेरीला जास्त तापत जातो, आणि शेवटी वितळतो. मला ही आडवीच जास्त धास्तावते, कारण ती वरून दिसत नाही. पाण्याचा वेग कमी पडला तर आणखी वाईट. नळीच्या आत वाफेचा पडदा धरतो, उष्णता निघेनाशी होते आणि काही क्षणांत नळी जळते. म्हणून नळीत पिळलेली पट्टी घालून पाणी घुसळत नेतात.

हे झालं उष्णतेचं. न्यूट्रॉनची परीक्षा अजून पुरती घेताच येत नाही. फ्यूजनमधल्या न्यूट्रॉनची ऊर्जा १४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. साध्या अणुभट्टीतल्याची सरासरी २ च्या आसपास. जोरदार न्यूट्रॉन धातूच्या आतच हेलियम तयार करतात, त्याचे बुडबुडे कणांच्या सीमांवर साठतात आणि यंत्राच्या भिंतीचं पोलाद ठिसूळ होतं. त्यासाठी स्पेनमध्ये ग्रानाडाजवळ डोन्स नावाचं केंद्र उभं राहतंय. द्रव लिथियमच्या धारेवर ड्यूटेरॉनचा (जड हायड्रोजनच्या केंद्रकांचा) झोत मारून तसे न्यूट्रॉन काढायचे. तीव्र मारा होतो ती जागा अगदी लहान, म्हणून नमुनेही चिमुकले कापावे लागतात, आणि त्यांवरून जाड भिंतीचा अंदाज बांधणं हे वेगळंच शास्त्र आहे. बाबा, त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची,
बाय