काडतूस बंदुकीचे, नळी पिस्तुलाची : शस्त्र नियमांतील संदिग्धता दूर करावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्यात शस्त्र परवान्यांची चर्चा होते ती बहुधा निवडणुका जवळ आल्यावर. आचारसंहिता लागू होते, जिल्हादंडाधिकारी परवान्यावरील शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश काढतात, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांतील बागायतदार पिके राखण्यासाठी सूट मागतात आणि मतमोजणी आटोपली की विषय मागे पडतो. या पत्रात मला शस्त्र नियमांतील एका वेगळ्या मुद्द्याकडे वाचकांचे आणि लोकप्रतिनिधींचे लक्ष वेधायचे आहे. बंदुकीचे, म्हणजे छर्ऱ्यांचे काडतूस उडवू शकणारी मोठ्या तोंडाची पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर सामान्य नागरिकाच्या हाती कोणत्या अटींवर द्यावीत, हा तो मुद्दा होय. माझे मत असे की, ज्या शस्त्रात छर्ऱ्यांचे काडतूस बसते आणि ज्याची नळी २० इंचांपेक्षा आखूड आहे, ते शस्त्र, त्याच्या नळीला आतून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचा, असोत वा नसोत, नियमांनी एकाच निर्बंधित वर्गात घातले पाहिजे.

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. अधिनियमाच्या कलम १३ मध्ये नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक द्यायची असेल, तर त्या नळीची लांबी २० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ५१ सेंटिमीटरपेक्षा, कमी नसावी असे म्हटले आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि ती पुरेशी नसल्यास अशाच गुळगुळीत नळीच्या अन्य बंदुकीचा परवाना देण्याची सोयही त्याच कलमात आहे. आमच्या भागातील कुळागरांत, म्हणजे सुपारीच्या बागांत, आणि काजूच्या बागांत दिसणाऱ्या एकनळी व दुनळी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) बंदुका याच तरतुदीच्या आधारे आलेल्या आहेत. २० इंचांपेक्षा आखूड गुळगुळीत नळीच्या बंदुकांना नियमांच्या अनुसूचीत वेगळ्या, वरच्या वर्गात टाकले आहे. कलम ६ नुसार तर परवान्याशिवाय नळी कापून आखूड करणे हाच स्वतंत्र अपराध आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षे कारावासापासून जन्मठेपेपर्यंत जाते.

एवढी कठोर शिक्षा का, हे ज्याने बारा बोअरची बंदूक हाताळली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. तिच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. लांब नळीची बंदूक लपवता येत नाही. ती खांद्याला लावून दोन्ही हातांनी धरावी लागते आणि तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे आजूबाजूच्या प्रत्येकाला दिसते. बंदूक घेऊन रस्त्याने जाणारा माणूस गावाला दुरूनच कळतो, आणि गावाची निम्मी सुरक्षितता याच गोष्टीत आहे. नळी वीतभर केली की तेच काडतूस सदऱ्याखाली मावणाऱ्या शस्त्रातून उडते. आखूड नळीत दारू पुरती जळत नाही, त्यामुळे छर्ऱ्यांचा वेग घटतो आणि ज्वाळा व आवाज मात्र वाढतात. छर्रे लवकर पांगू शकतात आणि ज्याच्यावर नेम धरला त्याच्याखेरीज शेजारी उभ्या असलेल्यालाही लागू शकतात. उत्तरेकडील राज्यांत बनवला जाणारा बारा बोअरचा गावठी कट्टा हे याच प्रकारचे शस्त्र आहे, आणि पोलिसांच्या छाप्यांत तो वारंवार सापडतो.

हा प्रश्न कट्ट्यापुरता असता तर वेगळे काही मागण्याची गरज नव्हती, कारण विनापरवाना कट्ट्याबाबत कायदा पुरेसा स्पष्ट आहे. अडचण येते ती कारखान्यात बनलेल्या, आतून आटे पाडलेल्या नळीच्या रिव्हॉल्व्हरबाबत. ब्राझीलच्या टॉरस कंपनीचे ‘जज’ नावाचे रिव्हॉल्व्हर हे याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. त्यात .४५ कोल्टची गोळी बसते आणि .४१० बोअरचे छर्ऱ्यांचे काडतूसही बसते. मायामीतील काही न्यायाधीश स्वसंरक्षणासाठी ते जवळ बाळगत, म्हणून हे नाव पडले असे कंपनी सांगते. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचे ‘गव्हर्नर’ हेही याच जातीचे आहे.

अमेरिकेच्या संघीय कायद्याने अशा शस्त्रांकडे कसे पाहिले, हे आपण समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यातच आपल्या नियमांतील उणीव दिसते. दारूबंदीच्या काळातील टोळीयुद्धांनंतर तिथे १९३४ मध्ये नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आला. त्या कायद्याने १८ इंचांपेक्षा आखूड नळीच्या छर्ऱ्याच्या बंदुकांवर नोंदणी आणि कर बसवला. मूळ मसुद्यात सर्वच पिस्तुले व रिव्हॉल्व्हर होती. ती पुढे वगळली गेली. १९३९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर नळी कापलेल्या दुनळी बारा बोअर बंदुकीचा खटला आला, तेव्हा न्यायालयाने हे नियंत्रण वैध ठरवले. मात्र छर्ऱ्याचे काडतूस उडवणाऱ्या पिस्तुलाची व्याख्या करताना त्या कायद्याने गुळगुळीत नळी हा निकष धरला. गुळगुळीत नळीच्या अशा पिस्तुलाला आजही विशेष नोंदणी लागते, पण नळीला आटे असले की तेच काडतूस उडवणारे रिव्हॉल्व्हर साध्या रिव्हॉल्व्हरच्या गटात बसते. नळीचा व्यास अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर आणखी कडक तरतूद लागू होऊ शकते, परंतु .४१० बोअरचा व्यास सुमारे १०.४ मिलिमीटर असल्याने ती मर्यादाही आड येत नाही.

कॅलिफोर्निया राज्याने हा मार्ग स्वीकारला नाही. तिथे छर्ऱ्याचे काडतूस उडवण्यासाठी बनवलेले आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळीचे शस्त्र ही आखूड बंदूकच मानली जाते, त्यामुळे ‘जज’ तिथल्या सामान्य नागरिकाला विकता येत नाही. मला हाच निकष योग्य वाटतो, कारण समोरच्या माणसाला लागतात ते छर्रे. नळीला आतून आटे आहेत की नाहीत याने त्याच्या जखमेत फरक पडत नाही. उलट आटे असलेल्या नळीतून छर्रे फिरत बाहेर पडतात आणि अधिक वेगाने विखुरतात, म्हणजे ज्या गुणामुळे शस्त्राला सवलत मिळते तोच गुण आजूबाजूच्यांना जास्त धोक्याचा ठरतो.

आता आपल्या नियमांकडे पाहावे. आपल्या अनुसूचीतही आखूड बंदुकीची ओळख गुळगुळीत नळीवरून केली आहे आणि रिव्हॉल्व्हर व पिस्तुलांचा वर्ग वेगळा आहे. त्यामुळे आटे असलेल्या नळीचे, पण छर्ऱ्याचे काडतूस उडवणारे रिव्हॉल्व्हर हे साधे रिव्हॉल्व्हर आहे, असा दावा उद्या एखादा अर्जदार किंवा उत्पादक करू शकेल. तसे झाले तर तो अर्ज जिल्हा पातळीवरच निकाली निघेल. वास्तविक आपल्याच अनुसूचीत या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस ज्यात भरून उडवता येते अशी रायफल, ९ मिलिमीटरचे सैनिकी काडतूस ज्यात बसते असे पिस्तूल, ही शस्त्रे तिथे काडतुसावरूनच वेगळी काढली आहेत. .४१० बोअरच्या मस्केटचाही तिथे उल्लेख आहे. ब्रिटिश काळात इशापूरच्या कारखान्यात .३०३ च्या रायफली बदलून पोलीस व पहारेकऱ्यांसाठी एकबारी, गुळगुळीत नळीची ही मस्केट बनवली गेली, जेणेकरून ती चुकीच्या हाती पडली तरी तिच्यात रायफलीचे काडतूस चालू नये. त्या मस्केटचे काडतूस आजच्या .४१० छर्ऱ्याच्या काडतुसाहून वेगळ्या घडणीचे आहे, पण शस्त्रात काय बसते यावर त्याचा वर्ग ठरवायचा, हे तत्त्व आपल्याकडे त्या काळापासून रुजलेले आहे. तेच छर्ऱ्याच्या काडतुसाला लावावे एवढीच माझी अपेक्षा आहे.

कोणी म्हणेल की परदेशी शस्त्रांच्या आयातीवर १९८० च्या दशकापासून निर्बंध असल्याने ‘जज’ इथे येणारच नाही. आयातीपुरते हे बरोबर आहे. परंतु शस्त्रनिर्मितीचे परवाने आता खासगी कंपन्यांनाही मिळतात आणि टॉरसने हरियाणातील हिसार येथे भारतीय भागीदारासह कारखाना उभारला आहे. कायद्याने परवानगी असलेली वस्तू बनवणे हे कोणत्याही उत्पादकाचे कामच आहे, त्यात त्याला दोष देता येत नाही. म्हणूनच परवानगी कशाला आहे हे आधी ठरलेले असावे. आणखी एक कारण असे की २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. ज्याला दोनच शस्त्रे ठेवता येतात त्याला गोळी आणि छर्रे दोन्ही उडवणाऱ्या एकाच शस्त्राचा मोह अधिक होणार, हे उघड आहे.

या शस्त्राच्या बाजूने एक युक्तिवाद गोव्यात ऐकू येण्याची शक्यता आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. अमेरिकेत अशी रिव्हॉल्व्हरे शेतावर साप मारण्यासाठी म्हणून विकली जातात. आमच्या कुळागरांत नाग, घोणस, फुरसे आढळतात, पोफळीच्या बुंध्याशी वाकून काम करणाऱ्याला भीती असते, आणि कमरेला लावता येणारे छर्ऱ्याचे शस्त्र असावे असे एखाद्याला मनापासून वाटू शकते. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली नाग आणि घोणस यांना संरक्षण आहे. साप दिसला तर सर्पमित्राला किंवा वन खात्याला बोलवावे हाच कायदेशीर आणि सुरक्षित मार्ग आहे. शिवाय दगडी गडग्यांच्या आणि पाटाच्या पाण्याच्या त्या जागेत जमिनीकडे नळी करून छर्रे उडवले तर ते दगडावरून उसळून कामगाराच्याच पायांत घुसतील. रानडुकरे आणि माकडे यांचा उपद्रव खरा आहे, गव्यांचा तर फारच आहे, पण गवा हा आपला राज्यप्राणी असून त्याला कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. जनावरांना हुसकावण्यासाठी हवेत बार काढायचा तर लांब नळीची बंदूक पुरेशी आहे. आखूड शस्त्राने शेतकऱ्याचे कोणतेही काम अधिक चांगले होत नाही.

मी स्वतः पीक संरक्षणाच्या परवान्यावर बारा बोअरची दुनळी बाळगतो, त्यामुळे हे पत्र बंदूकधारकांच्या विरोधात आहे असा समज कोणी करून घेऊ नये. शिकारीला गेलेल्या माणसाचा सोबत्याच्याच बंदुकीने मृत्यू झाल्याच्या बातम्या गोव्यात येतात, आणि प्रत्येक वेळी प्रामाणिक परवानाधारकाकडेही संशयाने पाहिले जाते. उद्या परवान्यावरील आखूड शस्त्रातून छर्रे उडून बाजारात किंवा जत्रेत कोणी जखमी झाले, तर त्याची झळ ज्याच्या घरात आजोबांच्या काळापासून एकच दुनळी आहे अशा शेतकऱ्याला आधी बसेल. विक्रेता काडतुसांची नोंद परवान्यावर करतो. ती नोंद नीट तपासली जावी, एवढी शिस्त आम्हीही स्वीकारली पाहिजे.

शस्त्रे हा विषय राज्यघटनेनुसार केंद्राच्या सूचीत येतो, त्यामुळे गोवा विधानसभेला हा नियम बदलता येणार नाही. गोव्याच्या खासदारांनी मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाकडे दोन गोष्टी मागाव्यात. अनुसूचीतील ‘गुळगुळीत नळीची बंदूक’ या वर्णनापुढे ‘किंवा छर्ऱ्याचे काडतूस भरून उडवता येईल असे, २० इंचांपेक्षा कमी नळीचे कोणतेही शस्त्र’ असे शब्द घालावेत, आणि तोपर्यंत अशा शस्त्राचा अर्ज आल्यास तो जिल्हा पातळीवर निकाली न काढता मंत्रालयाकडे पाठवावा, अशी सूचना सर्व जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यावी. खऱ्या पीक संरक्षण परवान्यांचे नूतनीकरण मात्र या कारणासाठी अडवून धरू नये.

आपला नम्र,
एक परवानाधारक बागायतदार,
सत्तरी, गोवा